लहान हात आणि सायकलची मूठ

हत्यार चांगलें कीं वाईट हें त्याच्या पात्यावरून ठरतें, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्याला तें दिवसभर चालवावें लागतें तो माणूस प्रथम मूठ पाहतो. रावेर तालुक्यांत निंदणीला जाणारी बाई खुरपें घेतांना पात्याची धार मागाहून पाहते. आधीं ती तें हातांत धरते, मनगट दोन-चार वेळां फिरवते आणि बोटें मुठीभोवतीं पुरतीं वळतात कीं नाहीं याची खात्री करून घेते. मूठ जाड वाटली तर ती सुताराकडून तासून घ्यावी, बारीक वाटली तर तिच्यावर चिंधी गुंडाळावी, हें तिला कोणी शिकवावें लागत नाहीं. हें ज्ञान कोणत्याहि ग्रंथांत लिहिलेलें नसलें तरी तें शास्त्रच आहे. कारण मूठ हाताला बसली नाहीं तर दुपारपर्यंत तळहाताला फोड येतो आणि संध्याकाळीं मनगटांत कळ उठते.

त्याच घरांतील मुलगी शाळेला जाण्यासाठीं सायकलीवर बसते, तेव्हां मात्र ही परीक्षा कोणी करीत नाहीं. सायकलीचा रंग पाहिला जातो, घंटी वाजवून पाहिली जाते, चाकांतील हवा चिमटीनें दाबून पाहिली जाते. ब्रेकच्या दांडीपर्यंत मुलीचीं बोटें पोंचतात काय, हें पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. खुरप्याची मूठ चुकली तर हाताला फोड येतो. सायकलची मूठ चुकली तर उतारावर गाडी थांबत नाहीं. मग थोड्या धोक्याच्या वस्तूबद्दल एवढी दक्षता आणि मोठ्या धोक्याच्या वस्तूबद्दल एवढी बेफिकिरी कां असावी? या प्रश्नाचें उत्तर सायकलच्या इतिहासांत सांपडतें.

रावेर हें गांव सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीच्या पात्राकडे उतरत गेलेल्या कसदार पट्ट्यांत वसलें आहे. १७६३ सालीं तें निजामाकडून पेशव्यांकडे आलें आणि पेशव्यांनीं तें होळकरांच्या घराण्याला दिलें. एकोणिसाव्या शतकांत येथील कलाबतूचा लौकिक होता. सोन्यारुप्याची बारीक तार रेशमी धाग्यावर वळविण्याचा हा धंदा सर्वस्वीं बोटांच्या टोकांवर चालणारा. १८७० सालीं मुंबई आणि कलकत्ता हीं शहरें आगगाडीनें जोडलीं गेलीं, तीं भुसावळ, खांडवा व जबलपूर या मार्गानें. आणि तो लोहमार्ग रावेरवरून जातो. पुढें याच मार्गानें येथील केळीं उत्तर हिंदुस्थानांत जाऊं लागलीं. त्या केळ्यांची कीर्ति एवढी वाढली कीं २०१६ सालीं जळगांवच्या केळ्यांना भौगोलिक मानांकन मिळालें. बऱ्हाणपुराहून अंकलेश्वराकडे जाणारा हमरस्ता रावेर, सावदा आणि फैजपूर या गांवांना एका माळेंत ओवतो. १९३६ सालीं राष्ट्रीय सभेचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन झालें तें फैजपूर हेंच. या हमरस्त्याच्या दोहों बाजूंना लहान लहान खेडीं पसरलीं आहेत. प्राथमिक शाळा गांवांत असली तरी वरच्या इयत्तांसाठीं दोन-चार मैल जावें लागतें आणि जमिनीचा ओघ उत्तरेकडून दक्षिणेकडे आहे. अशा प्रदेशांत सायकल ही चैनीची वस्तु राहत नाहीं; ती शाळेचा दरवाजाच होते.

या वाहनाचा जन्म जर्मनींत झाला. १८१७ च्या जून महिन्यांत कार्ल फॉन ड्राइस यानें मानहाइम गांवांतून आपली लांकडी दुचाकी बाहेर काढली. तिला पायटे नव्हते. बसणारानें जमिनीला पाय मारीत पुढें जावयाचें. परंतु पुढील चाक वळविण्याची दांडी तिला होती आणि तिच्या अलीकडे कोपर टेकण्यासाठीं एक गादीची फळी होती. म्हणजे पहिल्याच दुचाकीनें भार हाताच्या पंजावर न टाकतां तो कोपरापासून मनगटापर्यंत वांटून दिला होता. ही सोय पुढें लवकरच विस्मरणांत गेली, आणि अनेक दशकें हातांना त्याचा दंड भरावा लागला.

१८६० नंतरच्या दशकांत पॅरिस शहरीं पुढील चाकाला पायटे लावलेल्या गाड्या निघाल्या. त्यांतील पुष्कळ गाड्यांत हँडल हेंच ब्रेकचें साधन होतें. हँडलाच्या दोन्ही मुठी आंवळून धरून ती दांडी स्वतःभोवतीं पिळली, म्हणजे तिला बांधलेली दोरी गुंडाळली जाई आणि मागच्या चाकावर लोखंडाचा तुकडा दाबला जाई. गाडी थांबविण्याची शक्ति सर्वथा मुठीच्या पकडींतून यावयाची. ज्याच्या हाताची पकड मोठी त्याची गाडी लवकर थांबे. ज्याची लहान त्याची उशिरां. ब्रेक आणि हाताचें माप यांचा संबंध असा अगदीं प्रारंभापासूनचा आहे.

त्यानंतर १८७० च्या सुमारास उंच चाकाच्या गाड्यांचें युग आलें. पुढील चाक पन्नास ते साठ इंच व्यासाचें, मागील चाक अगदीं चिमुकलें आणि स्वार त्या उंच चाकावर बसलेला. या गाड्यांसंबंधीं एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. त्या विकत घेतांना गिऱ्हाइकाच्या पायाचें माप घेत. ज्याचा पाय जितका लांब तितकें चाक मोठें, कारण पाय पायट्यापर्यंत पोंचला नाहीं तर गाडी चालणेंच अशक्य. पायाचें माप घेण्याची ही चाल सायकलीच्या धंद्यांत तेव्हांपासून कायम झाली. हाताचें माप घेण्याची गरज मात्र भासली नाहीं. हँडलाला प्रथम आडवा सरळ दांडा असे. वर येणारे गुडघे त्याला अडखळत, म्हणून त्याचीं टोकें खालीं वाकविण्यांत आलीं. हँडलाला मिळालेला हा पहिला वांक असा गुडघ्यांच्या सोयीसाठीं होता, हातांच्या नव्हे. पुढें ब्रेकची दांडी निराळी झाली. ती दाबली कीं पुढील चाकाच्या धांवेवर चमच्यासारखा तुकडा घांसे. ती जोरानें दाबली तर मागील चाक उचलून स्वार डोक्यावर आपटे. म्हणून निष्णात स्वार ब्रेक बेतानेंच वापरीत.

१८८५ सालीं इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली यानें रोव्हर नांवाची गाडी काढली. तिचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं, मागील चाकाला साखळी आणि बसण्याची जागा जमिनीपासून बेताच्या उंचीवर. आजची सायकल तीच. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डनलॉप यानें हवेची धांव बनविली आणि हाडें खिळखिळीं करणारें हें वाहन सुखाचें झालें. याच वेळीं स्त्रिया सायकलीवर बसूं लागल्या. अमेरिकेंतील मद्यपाननिषेधाच्या चळवळीच्या पुढारी फ्रान्सिस विलार्ड यांनीं वयाची पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकून घेतली आणि त्या अनुभवावर १८९५ सालीं एक पुस्तक लिहिलें. कारखानदारांनीं स्त्रियांसाठीं सांगाड्याची वरची आडवी नळी काढून ती खालीं वाकविली. पोषाख अडकूं नये हा त्यांतील हेतु. आपल्याकडे हीच गाडी पुढें ‘लेडीज सायकल’ म्हणून आली आणि नऊवारी-पांचवारी लुगड्यांना सोयीची ठरली. परंतु नळी वाकली तरी हँडल, मूठ आणि ब्रेकची दांडी यांत बहुधा कांहींच फरक पडला नाहीं. वस्त्राचा विचार झाला. हाताचा झाला नाहीं.

शर्यतींच्या जगांत हँडलाचा विचार थोडा अधिक झाला. मेजर टेलर हा अमेरिकेंतील कृष्णवर्णीय स्वार १८९९ सालीं माँट्रियल येथें जगज्जेता ठरला. त्या काळीं त्या देशांत कृष्णवर्णीयांना अनेक क्रीडांगणांचे दरवाजे बंद होते, म्हणून या विजयाचें मोल निराळें. हँडल पुढें-मागें सरकवितां येईल असा एक लोखंडी जोड त्यानें वापरला आणि तो जोड पुढें त्याच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. माणसानें हँडलाला जुळवून न घेतां हँडल माणसाजवळ आणावें, ही गोष्ट त्या जोडानें प्रथमच ठळकपणें दाखविली. १९०३ सालीं फ्रान्समध्यें देशाला वळसा घालणारी मोठी शर्यत सुरू झाली, आणि मेंढ्याच्या शिंगांप्रमाणें खालीं वळलेलें हँडल शर्यतीच्या गाडीची खूण बनलें. वारा कापण्यासाठीं खालीं वांकावें, चढावर वरच्या भागाला धरावें, थकल्यावर ब्रेकच्या बोंडावर तळवे टेकावेत, अशीं तीन-चार आसनें त्या एका दांड्यांत सामावलीं. मात्र त्याचा वांक ठरला तो उंच, लांब हातांच्या यूरोपीय पुरुष स्वारांच्या अंगावरून.

हिंदुस्थानांत सायकली प्रथम विलायतेहून येत. नॉटिंगहॅमची रॅले, बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. आणि हर्क्युलीस हीं नांवें शहरांपासून तालुक्याच्या गांवापर्यंत परिचयाचीं झालीं. मुंबई बंदरांत उतरलेला माल आगगाडीनें खानदेशांत येई. या वाहनावर आपल्या लोकांनीं विलक्षण पराक्रमहि केले. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून निघालेल्या पारशी तरुणांपैकीं अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे जगाची प्रदक्षिणा पुरी करून १८ मार्च १९२८ रोजीं परत आले. त्यांनीं सुमारें ४४,००० मैल मजल मारली होती. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने वाढले. १९४९ सालीं मद्रासजवळ अंबत्तूर येथें, १९५१ सालीं सोनपत येथें आणि १९५६ सालीं लुधियाना येथें मोठे कारखाने उभे राहिले. परंतु त्यांनीं पुष्कळ वर्षें जी गाडी बनविली तिचा सांचा जुन्या विलायती गाडीचाच होता : अठ्ठावीस इंची चाकें, काळा रंग आणि सळईचे ब्रेक.

हे सळईचे ब्रेक सर्वांच्या पाहण्यांतले आहेत. हँडलाच्या खालून मुठीला समांतर अशी एक पोलादी दांडी जाते. ती वर ओढली कीं सळया उचलल्या जातात आणि चाकाच्या लोखंडी कड्यावर आंतून रबरी गट्टू दाबले जातात. पावसाळ्यांत, चिखलांत, दहा-वीस वर्षें हें यंत्र कुरकुर न करतां चालतें; तुटलें तर गांवचा लोहारहि तें वांकवून देतो. त्याचे गुण मोठे आहेत. दोष एवढाच कीं मूठ आणि दांडी यांमधील अंतर एकदां ठरलें तें ठरलें. तें कमी करण्याचा स्क्रू त्यांत नाहीं. विकत घेतांना दुकानदार वीस, बावीस, चोवीस असे आंकडे सांगे. ते सांगाड्याच्या उंचीचे इंच, म्हणजे पुन्हां पायाचेंच माप. उंच चाकाच्या काळांत पडलेली चाल शंभर वर्षांनीं खेड्यांतल्या दुकानांतहि टिकून होती.

मुलें तर वडिलांच्या गाडीवरच शिकत. तासाच्या भाड्यानें आणलेली किंवा घरांतली मोठी सायकल घ्यावयाची, आडव्या नळीखालून पाय पलीकडच्या पायट्यावर टाकावयाचा, एका हातानें हँडल धरावयाचें आणि दुसऱ्या हाताची काख सीटवर अडकवावयाची. या आसनांत एकाच ब्रेकापर्यंत हात जाई आणि तोहि पुरता नव्हे. गाडी थांबवावयाची तर पाय घांसणें किंवा मऊ जागा पाहून पडणें हेच दोन उपाय. लहान हाताच्या स्वारानें ब्रेकावर विसंबूं नये, हा धडा अशा रीतीनें पहिल्याच दिवशीं मिळे आणि मोठेपणींहि तो अंगवळणीं पडलेला राही. आरंभीं जी बेफिकिरी म्हणून सांगितली तिचें मूळ येथें आहे. खुरप्याच्या मुठीचा कारागीर गांवांतच होता, त्याला हात दाखवितां येत असे. सायकलीचा कारागीर सहा हजार मैलांवर होता. त्याला हात कोण दाखविणार? वस्तु बदलतां येत नाहीं असें एकदां मनानें घेतलें, कीं तिची परीक्षा करणेंहि माणूस सोडून देतो.

आतां हाताचें आणि मुठीचें गणित थोडक्यांत पाहावयास हवें. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मापलें तर स्त्रियांचा हात पुरुषांच्या हातापेक्षां सरासरीनें एक ते दीड सेंटिमीटर आंखूड भरतो. पकडीची शक्ति तर पुरुषाच्या शक्तीच्या निम्म्याहून थोडी अधिक, एवढीच असते. ब्रेकची दांडी ही एक तरफ आहे. तिच्या खिळीपासून जितकें दूर दाबावें तितका जोर अधिक मिळतो. परंतु शर्यतीच्या हँडलावर बोंड धरून बसलें असतां लहान हाताचीं बोटें खिळीजवळच टेकतात. म्हणजे जोर कमी असलेल्या हातालाच तरफेचा लाभहि कमी मिळतो. खालच्या वांकांत हात नेला तर तरफ चांगली मिळते, पण तेथें दांडी मुठीपासून दूर जाते आणि बोटांची केवळ टोकें तिला लागतात. टोकांत बळ नसतें. बळ पेराच्या आंकड्यांत असतें. ही कोंडी स्वाराच्या दुबळेपणाची नसून मापाची आहे.

दुसरा त्रास ताबडतोब दिसत नाहीं. हँडल फार पुढें असलें कीं स्वार ओणवा होतो आणि देहाचा भार तळहाताच्या करंगळीकडील उंचवट्यावर येतो. त्याच जागेखालून करंगळी व अनामिका या बोटांना जाणारी मज्जातंतूची नाडी जाते. ती दाबली गेली कीं त्या दोन बोटांना मुंग्या येतात आणि पुढें पकडहि ढिली पडते. लांबच्या मजलीच्या स्वारांना हा विकार पूर्वींपासून माहीत आहे. ज्याचे हात लहान त्याला दांडी गांठण्यासाठीं मनगट वाकडें करावें लागतें, म्हणून त्याला तो लवकर गांठतो.

या कोंडींतून मार्ग काढण्याचा व्यवस्थित प्रयत्न होण्यास विसाव्या शतकाचा शेवट उजाडावा लागला. १९८५ सालीं अमेरिकेंत जॉर्जीना टेरी या यंत्रशास्त्रज्ञ बाईंनीं स्त्रियांच्या अंगाच्या मापानें सायकली बनविण्याचा धंदा उघडला. त्यांच्या लहान गाड्यांत पुढील चाक मुद्दाम छोटें ठेवलेलें असे, त्यामुळें हँडल जवळ येई. हँडल अरुंद आणि ब्रेकची दांडी बोटांजवळ असे. गिऱ्हाइकें मिळालीं, तेव्हां मोठ्या कारखान्यांचे डोळे उघडले. मध्यंतरीं १९९० सालीं जपानच्या शिमानो कारखान्यानें गिअर बदलण्याची कळ ब्रेकच्या दांडींतच बसविली. हात न हलवितां दोन्ही कामें होऊं लागलीं; पण बोंडें मात्र जाड झालीं आणि लहान हातांची अडचण क्षणभर वाढली. पुढें त्याच दांड्यांत पाचर घालून किंवा बारीक स्क्रू फिरवून त्या मुठीजवळ आणण्याची सोय झाली. एवढासा स्क्रू, पण तो येण्यास पहिल्या दुचाकीपासून जवळजवळ दोन शतकें लागलीं.

महाराष्ट्रांत आज शर्यतीच्या धर्तीच्या, म्हणजे ‘रोड बाइक’ म्हणविल्या जाणाऱ्या, सायकलींचा शौक वाढला आहे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं २०१५ सालीं अमेरिका खंड ओलांडणारी सुमारें तीन हजार मैलांची शर्यत दोघांच्या संघानें पुरी केली. २०१७ सालीं लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तीच शर्यत एकेकट्यानें पार पाडली. २०१८ सालीं पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी या वीस वर्षांच्या मुलीनें सुमारें २९,००० किलोमीटर सायकल चालवून पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा उदाहरणांनीं स्फूर्ति घेऊन जळगांव-धुळ्याकडील तरुण-तरुणी नवी गाडी घेण्यास निघतात, तेव्हां दुकानांत त्यांना सांगाड्याचें माप विचारलें जातें. हँडलाचें माप त्यांनीं स्वतःच विचारलें पाहिजे.

विचारावयाचें तें असें. पहिली गोष्ट रुंदीची. दुकानांत बहुधा चाळीस ते चव्वेचाळीस सेंटिमीटर रुंदीचीं हँडलें टांगलेलीं असतात. अरुंद खांद्यांच्या स्वारासाठीं छत्तीस किंवा अडतीसचीं मिळतात. दोन्ही खांद्यांच्या हाडांमधील अंतर मोजावें आणि त्याच्या जवळचें माप घ्यावें. त्याहून फार अरुंद घेतल्यास गाडी चटकन् वळते आणि नवख्याचा तोल जातो. दुसरी गोष्ट वांकाची. हँडल वरच्या दांड्यापासून किती पुढें जातें आणि किती खालीं उतरतें हीं दोन मापें निराळीं असतात. लहान हातांना पुढें सत्तर ते पंचाहत्तर आणि खालीं सुमारें एकशें वीस मिलिमीटर असा आटोपशीर वांक सोयीचा. जुन्या तऱ्हेचीं खोल, गोल हँडलें दिसण्यांत डौलदार असलीं तरी त्यांच्या तळाशीं लहान हात पोरका होतो. तिसरी गोष्ट जाडीची. वांकाची नळी बहुतेक सर्व हँडलांत सुमारें चोवीस मिलिमीटरचीच असते; जाडी वाढते ती तीवर गुंडाळलेल्या पट्टीमुळें. म्हणून पट्टी पातळ निवडावी. मूठ वळली असतां आंगठ्याचें टोंक पहिल्या बोटाच्या टोंकाशीं जवळजवळ भेटलें पाहिजे. वारा कापण्यासाठीं वरचा भाग पंखासारखा रुंद व चपटा केलेलीं हँडलें लहान पंजांत मावत नाहींत, तीं टाळावींत.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. दुकानांतच गाडीवर बसावें, तळवा नेहमीच्या जागीं ठेवावा आणि तो न हलवितां पहिल्या दोन बोटांचें शेवटचें पेर दांडीवर आंकड्यासारखें अडकतें काय तें पाहावें. अडकलें तर ठीक. नुसतीं टोकें लागत असतील तर दांडीचा स्क्रू फिरवून ती जवळ आणवावी. जवळ आणल्यावर ब्रेकची तार पुन्हां आंवळून घेणें अवश्य आहे. नाहीं तर दांडी पूर्ण ओढल्यावर ती हँडलाला टेकते आणि ब्रेक पुरता लागतच नाहीं. दांडी हँडलावर थोडी फिरवून अशी बसवावी कीं हाताचा पंजा, मनगट आणि कोपर एका रेषेंत येतील. एवढें करूनहि हँडल दूर वाटलें तर हँडलाला पुढच्या खांबाशीं जोडणारा आंखूड तुकडा बसवून घ्यावा. सीट पुढें सरकवून अंतर कमी करूं नये. तेणेंकरून हातांची सोय होते, पण गुडघ्यांचें नुकसान होतें. शर्यतीच्या गाडीची हौस नसून केवळ शाळा-बाजाराची गाडी घ्यावयाची असली तरी ही चौथी परीक्षा चुकवूं नये. आजच्या तारेच्या ब्रेकांच्या साध्या सायकलींतहि पुष्कळ ठिकाणीं दांडीच्या बुडाशीं तो लहानसा स्क्रू असतो. त्याला पेंचकस लावण्यास पैसा पडत नाहीं. तो आहे हें ठाऊक असावें लागतें.

हा विचार केवळ हौशी स्वारांपुरता नाहीं. २००६ सालीं बिहार सरकारनें नववींत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठीं पैसे देण्याची योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनीं तिचा अभ्यास केला, तेव्हां असें आढळलें कीं माध्यमिक शाळेंत जाणाऱ्या मुलींचें प्रमाण सुमारें ३२ टक्क्यांनीं वाढलें आणि मुलगे व मुली यांतील अंतर ४० टक्क्यांनीं घटलें. महाराष्ट्रांतहि मानव विकास कार्यक्रमांतून राज्याच्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देण्याची योजना आंखली गेली. एका साध्या वाहनानें शिक्षणाचा मार्ग एवढा मोकळा होतो, हें अनुभवानें सिद्ध झालें आहे. परंतु मुलीच्या हातीं सायकल देणें आणि तिच्या हाताला बसेल अशी सायकल देणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. तेरा वर्षांच्या मुलीचीं बोटें ब्रेकपर्यंत पोंचलीं नाहींत तर ती उतारावर सायकलीवरून उतरून चालूं लागते, पावसांत सायकल घरींच ठेवते आणि एखाद वेळीं पडली कीं घरचीं माणसें म्हणतात, पोरीच्या जातीला हें झेपावयाचें नाहीं. दोष मुठीचा असतो, शिक्षा मुलीला होते आणि शाळा सुटते.

सायकलीच्या इतिहासांत पायाचें माप प्रथम घेतलें गेलें, कारण पाय न पोंचला तर गाडी चालत नव्हती. मग लुगड्याचा व झग्याचा विचार झाला, कारण तो न केला तर गाडी खपत नव्हती. हाताची पाळी सर्वांत शेवटीं आली, कारण हात न पोंचला तरी गाडी चालतच होती. ती फक्त थांबत नव्हती. चालण्याइतकेंच थांबणें महत्त्वाचें, ही गोष्ट ज्यांना कारखान्यांत उशिरां कळली ती रावेरच्या शेतांतील बाईला खुरप्याच्या मुठीवरून कधींच कळलेली होती. आतां स्क्रू आला आहे, अरुंद हँडलें आलीं आहेत, आंखूड दांड्या आल्या आहेत. उरलें आहे तें एवढेंच कीं, घरांत नवी सायकल येईल त्या दिवशीं घंटी वाजवून पाहण्याआधीं आईनें, जशी ती खुरप्याची पाहते तशी, एकदां तिची मूठ पाहावी आणि मुलीचा हात तिच्यावर ठेवून बोटें कोठवर पोंचतात तें तपासून घ्यावें.